सातवा पाटा

या, असे थोडे पुढे सरकून बसा. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. तिच्यात एक अगदी बारीक आवाज आहे, आणि तो ऐकू यायचा तर आपण सगळ्यांनी जरा गप्प राहायला हवं. बुवा आख्यान लावण्याआधी क्षणभर डोळे मिटून उभे राहतात ना, तेवढंच. ज्याचा जो देव असेल त्याला मनातल्या मनात हाक मारून घ्या. राक्षसाची गोष्ट नाही, वनवासाची नाही. लालबागच्या हितेंद्र परबाच्या भीतीची गोष्ट आहे, आणि ती काळाचौकीच्या एका गल्लीत, भर दुपारी, एका उंचवट्यावर सुरू होते.

उंचवटा नवा होता. गॅरेजमधून पिकअप गाडी बाहेर काढून हितेंद्र दुसऱ्या वळणावर आला, तिथे कुणीतरी कालपरवाच डांबराचा ढीग ओतून गतिरोधक केला होता आणि त्यावर पांढरे पट्टेही मारले नव्हते. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची चढली, पण ती उतरली असं म्हणता येणार नाही, ती आपटली. मागचा रिकामा हौदा पत्र्याच्या डब्यासारखा उडाला, खाली आला, पुन्हा उडाला, आणि त्या दोन उड्यांच्या मधल्या जागेत मागच्या सीटवरून आवाज आला, "अं." ओरडणं नव्हे. कण्हणंही नव्हे. कुणीतरी काही विचारावं आणि नीट ऐकू न आल्यामुळे माणसानं परत विचारावं, तसा. गाडी थांबवावी असं हितेंद्रला वाटलं आणि गाडी थांबली नाही, हळू झाली फक्त, चालत्या माणसाइतकी हळू. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत राहिला. आरशात पाहिलं असतं तर बाबांचा चेहरा दिसला असता. आरसा त्याच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होता. तो पाहिला नाही.

बाबा म्हणजे गुणाजी परब. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभी, आणि त्याहून जास्त वर्षं कीर्तनात बुवांच्या मागे उभी, गळ्यात टाळ घेऊन. उभं राहणं हेच ज्याचं आयुष्य, त्याचा कंबरेच्या वरचा एक मणका गेल्या पावसाळ्यात नुसत्या शिंकेनं दबला. परळच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवलं होतं: बाकीचे मणके विटांसारखे, आणि हा एक ओल्या पापडासारखा कडेनं वाकलेला. "अंडं उचलतोय असं समजून उचला यांना," डॉक्टर म्हणाले होते, "आणि झटका नको. झटका सोडून सगळं चालेल." तेव्हापासून बाबा कंबरेला रुंद पट्टा बांधून वावरत, पाठीशी उशी घेऊन बसत, आणि घरातलं कुणी दार जोरात लावलं तरी हितेंद्रची बायको अंबिका स्वयंपाकघरातून ओरडे, "हळू!" जणू दाराचा आवाजही हाडाला लागतो. हितेंद्र विमा कंपनीत गाड्यांचे दावे तपासायचा. चेपलेल्या, मुरडलेल्या, उलटलेल्या गाड्यांचे फोटो रोज त्याच्या टेबलावरून जात, आणि काय मोडलं म्हणजे कसा आवाज होतो, हे तो फोटो पाहूनही सांगू शकेल असं ऑफिसातले लोक गमतीनं म्हणत. आता मागे काय मोडलं हे त्याला विचारायचं होतं, आणि तो विचारत नव्हता. विचारलं नाही तोवर काहीच झालेलं नाही. 'बाबा, लागलं का?' या तीन शब्दांच्या अलीकडे बाबा धडधाकट होते. पलीकडे काय होतं ते ठाऊक नव्हतं.

आणि बाबाही बोलत नव्हते. एरवी हा माणूस गाडीत गप्प बसणारा नव्हे. दुकानाच्या पाट्या वाचेल, कोणत्या गल्लीत कुठल्या साली कुणाचं कीर्तन झालं ते सांगेल, काहीच नसलं तर मांडीवर दोन बोटांनी ठेका धरेल. मांडीवरचा तो ठेका हितेंद्र कान देऊन शोधत होता. इंजिनाची घरघर होती, एसीची फुरफुर होती, मागच्या चाकांवर आजच बसवलेल्या पोलादी पाट्यांची, एकमेकांवर घासणाऱ्या लोखंडाची कुरकुर होती. ठेका नव्हता. शेवटी बाबा मागून म्हणाले, "चल रे. गिरगावाक उशीर होयत." आवाज नेहमीचा. पण जरा जास्तच नेहमीचा. घडी घालून ठेवलेल्या धोतरासारखा.

संध्याकाळी गिरगावात एका वाडीतल्या मंदिरात कीर्तन होतं आणि दुखण्यानंतर बाबा पहिल्यांदाच जाणार होते. उभं राहता येणार नाही, खुर्चीवर बसून टाळ धरीन, म्हणाले होते. त्याआधी गॅरेजला येण्याचा हट्टही त्यांचाच. कारण गाडीचं काम देवाचं होतं. ही चारही चाकांना जोर असलेली, पुढे दोन सीटांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली उंच पिकअप हितेंद्रनं हौसेनं घेतली, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर चिखलात, नदीच्या पात्रात घालायला. अख्ख्या इमारतीनं त्याची टिंगल केली होती: "लालबागात चिखल कमी पडलो काय रे तुका?" बाबांनी मात्र गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, "ही आपल्या देवळाची घाटी चढात?" गावचं देऊळ टेकडीवर, वाट जांभ्या दगडांची, टेम्पो अर्ध्यातच टेकतो. त्या देवळासमोर आईच्या नावानं दगडी कासव बसवायचं हे बाबांच्या मनात ती गेल्यापासून होतं. काळ्या पाषाणाचं, चार माणसांनाही न हलणारं. "कासव पाय आत घेता," बाबा सांगायचे, बुवांच्याच सुरात, "तसो माणूस इंद्रियां आत घेऊन बसलो, की समोरचो देव दिसता." कासव घडून तयार होतं. ते पेलायला गाडीचे मागचे पाटे बदलायचे होते. कमानीसारखे वाकलेले, एकावर एक रचलेले ते पोलादी पाटे. त्यांच्यावर सगळा भार तोललेला असतो. मूळचे पाच काढून जाड सहा घालायचे, असं हितेंद्रनं गौतम मिस्त्रीशी ठरवलं होतं. आठवडाभर वाचून, विचारून, कासवाचं वजन लावून ठरवलं होतं.

आज सकाळी बाबा गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाठीशी उशी घेऊन बसले होते. काम संपत आलं तसं त्यांनी विचारलं, "गौतम, पाटे किती झाले?"

"सहा, काका. कासव काय, हत्ती बसवा."

"सहा?" बाबांनी पुढे वाकायचा प्रयत्न केला आणि पट्ट्यानं त्यांना अडवलं. "देवाच्या कामाक जोडीचो आकडो? देवळात तू धा रुपये टाकतंस, की अकरा?"

गौतम हसला. "अकरा टाकतो, काका."

"मगे? वरचो एक खंय हा?"

"टाकतो की. एक पाटा पडलाय माझ्याकडे याच मापाचा. पाटे आवळायचे यू-बोल्ट लांब घ्यायला लागतील, बस." मग गाडीखाली सरकता सरकता तो हितेंद्रला म्हणाला, "भाऊ, जरा कडक होईल. रिकामी चालवाल तेव्हा थोड्या उड्या मारेल. माल भरला की मग लोणी."

थोड्या उड्या मारेल. हे शब्द हितेंद्रच्या कानात गेले आणि तिथेच थांबले. रिकाम्या गाडीत बाबा बसणार आहेत, आजच, आत्ताच, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. स्वच्छ दिसत होतं. सहा पुरे आहेत, बाबा, सातवा घातला तर गाडी दगड होईल, एवढंच म्हणायचं होतं. पण तो म्हणाला, "चालेल." का म्हणाला, ते गतिरोधकाच्या पुढे आता त्याला दिसत होतं, अगदी समोरच्या काचेवर लिहिल्यासारखं. त्याला आई दिसत होती. चाळीच्या तोंडाशी टॅक्सी उभी, टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, आईच्या हातात गावाला न्यायची पिशवी, आणि बाबा वाटी शोधतायत. "सुंदरे, थांब, हातार दही घालतंय." आणि तरुण हितेंद्र जिन्यावरून, "बाबा, यष्टी चुकेल हां! दही-बिही काय आता!" आई हसली, तसाच कोरडा हात हलवत गेली. गावाला विहिरीच्या पायरीवरून तिचा पाय सरकला. पायरीवर शेवाळ होतं, चपला जुन्या होत्या, पहाटेचं धुकं होतं. कोणत्याही दाव्यात पुरेशी ठरावीत इतकी कारणं होती, आणि दह्याचा त्यांच्यात कुठे संबंध नव्हता. बाबांनी त्याला एका शब्दानं कधी बोल लावला नाही. बोल लावला असता तर तो भांडला असता, मोकळा झाला असता. त्याऐवजी तो ऑफिसात विज्ञानाच्या गोष्टी करत राहिला आणि घरात बाबांनी सांगितलेला प्रत्येक शकून मुकाट्यानं पाळत राहिला. श्रद्धा होती असं नव्हे, घाबरला होता. आणि आज शकुनाच्या भीतीनं त्यानं हाडाची भीती बाजूला सारली. एक भीती दुसरीच्या डोक्यावर पाय देऊन उभी राहिली आणि खालची मोडली. कुठे मोडली, किती मोडली, ते मागच्या सीटवर होतं.

रस्ता सरळ होता म्हणजे तसा सरळ नव्हता. गॅसवाल्यांनी खणून बुजवलेला चर, मग वर आलेले पेव्हर ब्लॉक, मग गटाराचं झाकण. एरवी या गल्लीतून तो दिवसातून दोनदा जायचा आणि हे काहीच त्याला माहीत नव्हतं. आता प्रत्येक भेग आपल्या दात असलेल्या तोंडानं समोर येत होती. लहानपणी त्याला अशीच एक भीती होती. गिरगावातल्याच एका कीर्तनात, बाबांच्या पायांशी बसून, त्यानं सीतास्वयंवराचं आख्यान ऐकलं होतं. धनुष्य सभेत आणलं जातं, राजे एकेक करून हरतात, मग रामराया उठतो, धनुष्य उचलतो, वाकवतो. आणि बुवा थांबायचे. चिपळ्या वर धरलेल्या, पेटी बंद, टाळ बंद, अख्खी सभा श्वास धरून. हितेंद्रला ठाऊक असायचं की आता कडाड्दिशी होणार. ते होण्याआधीची ती शांतता त्याला सोसायची नाही. तो बाबांचा पाय घट्ट धरायचा, पोटरीत तोंड खुपसायचा. बाबांची पोटरी लाकडासारखी टणक, गिरणीच्या तेलाचा वास असलेली, आणि सगळ्या सभेत न हलणारी तीच एक वस्तू. मग चिपळ्या कडाडायच्या, धनुष्य मोडायचं, लोक जयजयकार करायचे, आणि वरून बाबांचा हात त्याच्या डोक्यावर यायचा. सगळे म्हणत, धनुष्य मोडलं ही आनंदाची गोष्ट आहे. त्याला कळायचं नाही. वाकवायलाच घेतलं होतं ना? मग वाकवून सोडायचं. मोडेपर्यंत कशाला?

आता तीच शांतता होती, फक्त कडाड् आधी होऊन गेलं होतं आणि शांतता नंतर आली होती, आणि डोक्यावर यायचा हात आला नव्हता.

लालबागच्या हमरस्त्याला तो सिग्नलपाशी येऊन थांबला. उड्डाणपुलाखालची सावली, तिच्यात भरलेला धूर, मसाल्याच्या गल्लीकडून आलेला भाजलेल्या मिरचीचा खाट. डावीकडे वळलं की गिरगाव. उजवीकडे वळलं की परळ, म्हणजे इस्पितळ. गावच्या देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीवर चिकटवलेली उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि इथे उजवीकडे वळणं म्हणजे काहीतरी झालंय असं कबूल करणं. मिरचीच्या खाटानं त्याला ठसका आला, आणि त्याच वेळी मागे बाबांनाही यायला हवा होता, कुणालाही आला असता. बाबा ठसकले नाहीत. ते ठसका दाबत होते. घशाच्या आत, पोटाच्या आत, सगळं अंग न हलवता ठसका गिळण्याचा तो आवाज हितेंद्रनं ऐकला. खोकल्याचासुद्धा झटका ज्याला नको आहे, तो माणूस गिरगावाला चल म्हणतोय. मग त्याला कळलं. सातवा पाटा बाबांनी मागितला होता. लागलं असं म्हटलं तर तो शकून खोटा ठरणार होता, देवाच्या कामात खोट निघणार होती, आणि मुलगा पुन्हा एकदा त्या जिन्यावर अपराधी होऊन उभा राहणार होता, या वेळी दही नाकारल्याबद्दल नव्हे, दिल्याबद्दल. बाबा त्याला सांभाळत होते. मोडक्या पाठीनं.

सिग्नल हिरवा झाला. हितेंद्रनं गाडी वळवली नाही. सिग्नलच्या पुढे, कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानासमोर कडेला घेतली, कारण तिथे बाबांचे टाळकरी सोबती, लवूकाकांची मंडळी, उभी होती. ठरल्याप्रमाणे ते गिरगावाला टॅक्सीनं निघायचे होते. पाच-सहा म्हातारे, कपाळावर बुक्का, गळ्यात टाळ, एकाच्या पोटाशी कापडात गुंडाळलेला पखवाज. लवूकाका बाबांच्या शेजारच्या साच्यावर उभे असायचे आणि कीर्तनातही शेजारी. त्यांनी मागच्या खिडकीवर टिचकी मारली.

"काय रे गुणग्या! हत्तीवरसून येतंस आणि आमी टॅक्सीत? माज इलो काय?"

काच खाली झाली. लवूकाका हसत होते, आणि त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून मागून पुसलं गेलं, ते हितेंद्रला बाजूच्या आरशात दिसलं. त्या आरशात बाबा दिसत नव्हते, फक्त बाबांकडे पाहणारे लवूकाका दिसत होते.

"घामान भिजलंस रे," लवूकाका हळू म्हणाले. "काय होता?"

आणि मुलाला जे सांगता येत नव्हतं ते बाबांनी मित्राला सांगितलं, मुलाच्या पाठीमागे, त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात. "लवू... माका पाय गावनत नाय रे."

पाय सापडत नाहीत. कासवानं पाय आत घेतले. हितेंद्रच्या डोक्यात हे वाक्य आलं आणि त्याला ते स्वतःच्या डोक्यात आलं याचीच भीती वाटली. तो उतरला, मागचं दार उघडलं, आणि आता पाहिलं. बाबा उशीला टेकले होते, दोन्ही हातांनी सीटची कड धरून, बोटं पांढरी. आणि पाय कुणा दुसऱ्याचे कुणीतरी आणून ठेवल्यासारखे, एक चप्पल निसटलेली, आणि ती निसटलीय हे बाबांना ठाऊक नसलेलं. "बाबा," तो म्हणाला. "लागलं ना?" बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तसा काय नाय," ते म्हणाले. "जरासा."

रुग्णवाहिकेला फोन लागला. पलीकडच्या बाईनं सांगितलं, निघेल, पण मिरवणुकीमुळे नायगावकडून रस्ता बंद आहे, थांबावं लागेल. लोक जमले. कुणी म्हणालं, उचला, टॅक्सीत घाला. "हात लावायचा नाही!" हितेंद्र ओरडला, अंबिकाच्या आवाजात. परळ समोर होतं, पुलाखालचा रस्ता संपला की आलंच. पण मध्ये रस्ता होता, आणि रस्त्यावर लोखंडी पत्रे होते, सांधे होते, आणि गाडीखाली सात पाटे होते. त्याला ते पाटे दिसत होते, ताठ, न वाकणारे, त्याच्या स्वतःच्या भीतीसारखे एकावर एक घट्ट आवळलेले, प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर बाबांच्या पाठीपर्यंत पोचवणारे. हवा काढावी चाकांतली? थोडी काढली त्यानं, गुडघ्यांवर बसून, काडीनं. फुस्स आवाज होत राहिला आणि त्या आवाजात त्याला यष्टी आठवली. शिमग्याला गावी जाताना भरलेली यष्टी: माणसं, गाठोडी, फणस, कोंबड्या, आणि मागच्या बाकावर आईच्या मांडीवर तो, आणि घाटातल्या खड्ड्यांतून ती जड यष्टी पाळण्यासारखी झुलत जायची. आणि एकदा, कधीतरी आडदिवशी, रिकाम्या यष्टीतून परतताना, त्याच मागच्या बाकावर, डोकं छताला आपटेल असे हादरे. "रिकामी हा ना," आई त्याला पोटाशी धरून म्हणाली होती, "म्हणान उडता." माल भरला की लोणी, गौतम म्हणाला होता.

"लवूकाका," तो उठला. "सगळे मागे चढा. हौद्यात. सगळे."

"मागे? आमी काय रेती आसंव?"

"हो," हितेंद्र म्हणाला. "रेतीच. वजन हवंय, काका. बाबांसाठी."

लवूकाकांनी एकदा गाडीखाली पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग धोतर खोचलं. "चढा रे," ते म्हणाले. "उभ्या जन्मात पैल्यांदा आमचा वजन पडता." दुकानदारानं न विचारता तांदळाची पोती आणून दिली, एकावर एक, मागच्या कडेला. म्हातारे एकमेकांना हात देत चढले, पोत्यांना टेकून बसले, पखवाज मांडीत. गाडी मागून खाली बसत गेली. हितेंद्र वाकून बघत होता: पाटे कुरकुरले, आणि त्यांची कमान थोडी, अगदी थोडी, उघडली. वाकले. मोडले नाहीत. वाकले.

तो परळकडे वळला. उजवीकडे.

आता ऐका, हाच तो आवाज. म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाळ होते. दोन-दोन पितळी वाट्या दोरीला लोंबत्या, आणि गाडी जराशी हलली की एक वाटी दुसरीला टेकायची: किण्. हितेंद्रला मागचं काही दिसत नव्हतं, आरशात नुसती पांढरी डोकी. पण मागची काच सरकवून उघडी ठेवली होती आणि त्याला टाळ ऐकू येत होते. रस्त्यावरचं सगळं, हॉर्न, पुलाची घरघर, सिग्नलला शिट्ट्या, हे सगळं दूर गेलं आणि कानात फक्त ते पितळ उरलं. लोखंडी पत्रा आला. त्यानं श्वास धरला. चाक चढलं, गाडी झुलली, खाली आली. टाळ गप्प. सांधा आला. किण्, एकाच टाळाचं, आणि मागून बाबांचा श्वास, आत ओढलेला. त्यानं पायाचा अंगठा अजून हलका केला. आयुष्यभर या टाळांचा आवाज म्हणजे घर होतं. बाबांची पोटरी, बुक्क्याचा वास, देव आला असं वाटण्याची जागा. आणि आज तो देवाला विनवत होता की वाजू नकोस. कुणाच्याही गळ्यात वाजू नकोस. आज गप्प राहा, मग जन्मभर वाज. हे गाऱ्हाणं त्यानं मालवणीत घातलं की कसं, त्याला आठवत नाही. ओठ हलत होते एवढं खरं. हौद्यातले म्हातारेही कधी नव्हे ते गप्प बसले होते, हातांनी आपापले टाळ न धरता, कारण लवूकाकांनी सांगितलं होतं, "धरूं नको. वाजतीत तर पोराक कळूंदे." इस्पितळाच्या फाटकातल्या शेवटच्या उंचवट्यावर तो इतका हळू चढला की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायचंही सोडून दिलं. चढला. उतरला. या वेळी उतरला असंच म्हणायला हवं.

पुढचं सगळं लख्ख पांढरं होतं आणि त्यात हितेंद्रला जागा नव्हती. फळी आली, माणसं आली, बाबा फळीवरून आत गेले, नजर छताला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, मणका आणखी दबलाय, नस चेपलीय, तातडीनं उघडावं लागेल. नस तुटलेली दिसत नाही, पण रस्त्यात आणखी एक-दोन झटके बसले असते तर हे वाक्य मला म्हणता आलं नसतं. उभे राहतील का? बघू. चालतील का? बघू. त्या 'बघू'च्या दोन्ही बाजूंना हितेंद्र रात्रभर बाकावर बसला, अंबिका शेजारी, आणि त्या दोघांच्या पलीकडे बाकावर सहा म्हातारे ओळीनं, गिरगावचं कीर्तन बुडवून, टाळ मांडीवर उपडे ठेवून.

दुसऱ्या दिवशी त्याला आत सोडलं. बाबा उताणे होते. ओठ कोरडे, डोळे मात्र तेच.

"टाळ वाजले रे," ते म्हणाले.

"एकदाच, बाबा. सांध्यावर."

"दोनदा," बाबा म्हणाले. "फाटकात पुन्ना. हळू वाजलो. लवूचो होतो, तेची एक वाटी पिचलेली हा."

हितेंद्रनं पांघरुणाखाली हात घालून त्यांची पोटरी धरली. लाकूड राहिलं नव्हतं तिथे. मऊ, सैल, म्हाताऱ्या माणसाचं मांस. "कळतंय?" त्यानं विचारलं. विचारू शकला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि ती शांतता त्यानं पूर्ण सोसली. मग ते म्हणाले, "डावो कळता. उजवो अजून येवचो हा. वाटेर आसा." आणि थोड्या वेळानं, छताकडे बघतच, "तो वरचो पाटो काढून टाक. देव सहावर काय नाय म्हणाचो."

कासव गावी गेलं, सहा पाट्यांवर. बाबा गेले नाहीत. त्यांना आता गाडीत बसायचं नाही, ते खिडकीशी वॉकर धरून उभे राहतात, थोडं, आणि उजवा पाय अजून वाटेवर आहे. हितेंद्र कासव घेऊन घाटी चढला तेव्हा मागची सीट रिकामी होती. उशी तेवढी होती, ती काढायचं राहून गेलं होतं. तरीही प्रत्येक दगडापाशी त्याचा श्वास थांबत होता, पाय हलका होत होता, आणि कान मागे जात होता. ती भीती गेलेली नाही. जाणारही नाही, आणि जाऊ नये.

तर एवढीच गोष्ट. आता घरी जाल, वाटेत एखादा उंचवटा लागेल, घाई असेल, मागे कुणीतरी बसलेलं असेल आणि ते काहीच बोलत नसेल. तेव्हा लालबागच्या गुणाजी परबांची आठवण ठेवा. आणि जरा हळू घ्या.